दुर्बिणीतून होईल ना?

नवजात बाळाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करताना आईवडील अलीकडे हमखास विचारतात, "दुर्बिणीतून होईल ना?" पित्ताशय, अपेंडिक्स, गर्भपिशवी ही ऑपरेशनं दुर्बिणीतून झालेली आता प्रत्येक घरात कोणी ना कोणी असतं. मावशी दोन दिवसांत घरी आली, टाके शोधूनही दिसत नाहीत, मग एवढ्याशा जिवाला कशाला मोठं कापायचं, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. प्रश्न रास्तच आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. तान्ह्या मुलांना भूल देणं हे माझं रोजचं काम. या प्रश्नाचं निम्मं उत्तर सर्जनकडे आणि निम्मं माझ्याकडे असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

ज्या बाळांविषयी मी बोलते आहे, त्यांची अन्ननलिका जन्मतःच तुटक असते. वरचा तुकडा गळ्यातून खाली येतो आणि छातीत बंद होऊन संपतो. खालचा तुकडा जठरातून वर येतो, पण वरच्याला मिळत नाही. बहुतेक वेळा तो श्वासनलिकेच्या मागच्या बाजूला जोडलेला असतो. साधारण साडेतीन ते चार हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष सापडतो आणि अशा शंभर बाळांपैकी पंच्याऐंशीच्या आसपास बाळांत मांडणी हीच असते. अशा बाळाला स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही. ती तोंडातून फेसासारखी बाहेर येते, नाहीतर श्वासनलिकेत उतरते. शिवाय घेतलेल्या श्वासातली हवा खालच्या जोडातून पोटात जाते आणि पोटातलं आम्ल त्याच वाटेने फुप्फुसात चढतं. म्हणजे फुप्फुसांना वरूनही त्रास आणि खालूनही.

हे सगळं गर्भ चार ते सहा आठवड्यांचा असताना ठरून गेलेलं असतं. आई गरोदर आहे हे तोवर कित्येकदा घरात कळलेलंही नसतं. तरी वॉर्डाबाहेर तिला "ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का" हे विचारणारं कोणीतरी असतंच. मी असं कानावर आलं की थांबते आणि सगळ्यांसमोर सांगते, हिच्या हातून काही चुकलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी करायच्या कामांत मी हे काम धरते.

1670 मध्ये विल्यम डर्स्टन नावाच्या इंग्लिश वैद्याने अशा बंद अन्ननलिकेचं पहिलं वर्णन लिहून ठेवलं. त्यानंतर पावणेतीनशे वर्षं हे वर्णन म्हणजे मृत्यूचीच नोंद होती. 1939 मध्ये अमेरिकेत पहिली दोन बाळं टप्प्याटप्प्याच्या ऑपरेशनांनंतर जगली. 1941 मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला कॅमेरॉन हाइट यांनी एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही तुकडे जोडून एक मुलगी वाचवली. आज सगळं जग जे ऑपरेशन करतं, त्याचा गाभा तोच आहे. छातीत शिरायचं, आता सहसा उजव्या बाजूने, श्वासनलिकेला जोडलेलं टोक तिथून सोडवून ती जागा शिवायची आणि अन्ननलिकेची दोन टोकं एकमेकांना जोडायची.

छातीत शिरायची वाट मात्र महाग पडते. बरगड्यांमधून जागा करताना पाठीचे आणि खांद्याचे स्नायू कापले जातात, बरगड्या ताणल्या जातात. तान्हेपणी ती जखम आठवड्यात भरते. किंमत पुढे वाढत्या वयात दिसते. काही मुलांच्या बरगड्या एकमेकींना चिकटतात, खांद्याचं पातं मागे उचललेलं राहतं, पाठीचा कणा एका बाजूला झुकतो. आमच्या फॉलोअपला येणाऱ्या एका मुलाच्या शाळेच्या शर्टाचा उजवा खांदा सतत उतरायचा. त्याच्या आईने आतून दोन टाके घालून तो बाकीच्या मुलांसारखा दिसेल असा केला होता. मुलगा पोटभर जेवत होता, पळत होता. आमच्या लेखी ते ऑपरेशन पूर्ण यशस्वी. ते टाके पाहिल्यापासून छेद लहान असावा या आग्रहाकडे मी निव्वळ हौस म्हणून बघत नाही.

दुर्बिणीने हीच वाट टाळता येते. 1999 मध्ये बर्लिनला एका तान्ह्या बाळाची अशी अन्ननलिका पहिल्यांदा दुर्बिणीतून जोडली गेली. पुढच्याच वर्षी डेन्व्हरच्या स्टीव्हन रोथेनबर्ग यांनी श्वासनलिकेला जोड असलेल्या नवजात बाळात हे ऑपरेशन केलं. 2005 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या सर्जननी मिळून 104 बाळांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या पाच बाळांची छाती मध्येच उघडावी लागली होती. मला या आकड्याचं महत्त्व फार वाटतं. जगातले सर्वांत कसलेले हात होते ते, आणि तरीही पाच वेळा त्यांनी दुर्बीण बाजूला ठेवली.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये, आमच्या ओटीत, येते. ओटीचा एसी आम्ही आधीच बंद करून ठेवतो. बाळ अडीच किलोचं, अंगावर चरबी नावाला. हातपाय आणि डोकं कापसात गुंडाळून वरून बँडेज बांधलेलं, खाली गरम गादी. गाऊन घातलेले आम्ही सगळे घामाने निथळत असतो आणि कोणी तक्रार करत नाही. बाळाच्या बंद पडलेल्या वरच्या तुकड्यात एक नळी ठेवलेली असते, ती साठलेली लाळ सतत ओढून घेते.

श्वासनलिकेत घालायची नळी तीन-साडेतीन मिलिमीटरची, बॉलपेनच्या रिफिलएवढी. तिचं टोक त्या चुकीच्या जोडाच्या खाली जायला हवं आणि श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते त्याच्या वर राहायला हवं. या दोन जागांमध्ये कधी सेंटिमीटरभर अंतर असतं, कधी तेवढंही नसतं. नळी थोडी वर राहिली तर मी दिलेली हवा पोटात जाणार, पोट टम्म फुगून छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलणार आणि फुप्फुसांना जागाच उरणार नाही. थोडी खाली गेली तर एकच फुप्फुस चालणार. म्हणून सुरुवातीला मी बाळाचा स्वतःचा श्वास शक्य तितका चालू ठेवते, बॅग हलक्या हाताने दाबते. नळी चिकटपट्टीने बांधल्यावरही माझी दोन बोटं तिथून हलत नाहीत.

मग बाळाला जवळजवळ पालथं, उजवी बाजू जराशी वर राहील असं निजवतात. खांद्याच्या पात्याच्या टोकाखाली पहिलं छिद्र, त्यातून दुर्बीण. आजूबाजूला आणखी दोन छिद्रं, हत्यारांसाठी. हत्यारं तीन मिलिमीटर जाडीची. आत जागा व्हावी म्हणून छातीत कार्बन डायऑक्साइड सोडतात, पाऱ्याच्या चार-पाच मिलिमीटर दाबाने, त्याहून जास्त नाही. त्या दाबाने उजवं फुप्फुस हळूहळू मिटतं आणि पडद्यावर एक स्वच्छ, मोठं दृश्य उघडतं. ॲझायगस नावाची निळसर शीर, पांढुरकी व्हेगस नस, श्वासाबरोबर हलणारी श्वासनलिका. पहिल्यांदा बघणारे विद्यार्थी श्वास रोखून पडद्याकडे बघतात, आणि बघण्यासारखंच असतं ते. पण सर्जनला मिळालेली ती जागा बाळाच्या फुप्फुसातून घेतलेली असते. बाळ आता एका फुप्फुसावर आहे, ते फुप्फुसही खालच्या बाजूला दबलेलं, आणि बाहेरून सोडलेला वायू रक्तात मिसळतो आहे.

रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सॅच्युरेशनच्या यंत्राचा सूर आकडा उतरला की खाली येतो. मला मान वर करून बघावं लागत नाही. पंच्याण्णव, नव्वद, चौऱ्याऐंशी.

"सर, गॅस थांबवा."

"थांबवला."

"सिस्टर, सक्शन."

नळीतून चिकट लाळेचा एक धागा येतो. एवढ्या बारीक नळीला तेवढासुद्धा बंद पाडायला पुरतो. मी हाताने बॅग दाबून फुप्फुस फुलवते. सर्जन हत्यारं आतच स्थिर धरून उभे असतात. पडद्यावर मिटलेलं गुलाबी फुप्फुस पुन्हा वर येताना दिसतं. आकडा चढतो. "चला," मी म्हणते, "पण चारच्या वर नको." असं एका ऑपरेशनमध्ये कितीदाही होतं. आमचे सर कधी "किती वेळ?" विचारत नाहीत. हात वर न काढता वाट बघतात. मला हे त्यांच्या टाक्यांच्या सफाईइतकंच मोठं कौशल्य वाटतं. या ऑपरेशनला नवा सर्जन तयार होताना त्याचे हात कसे चालतात हे सगळे बघतात. मी तो थांबतो कसा हे बघते.

श्वासनलिकेकडचा जोड बांधला गेला की माझा जीव जरा खाली पडतो. आता हवा पोटात जात नाही. मग सर म्हणतात, "वरून नळी ढकला." वरच्या तुकड्यात ठेवलेली नळी मी पुढे सरकवते आणि पडद्यावर, दाट उतींच्या आत, तिचं बोथट टोक उठून दिसतं, त्या खुणेवर वरचा तुकडा मोकळा करतात. दोन टोकांतलं अंतर ताणून मिटवायचं, पाच-शून्य नंबरच्या धाग्याने टाके घालायचे आणि गाठी आतच बसवायच्या. मागच्या बाजूचे टाके झाले की मी नाकातून एक बारीक नळी सोडते. ती वरच्या तुकड्यातून बाहेर डोकावते, सर तिला चिमट्यात धरून खालच्या तुकड्यात घालतात, आणि त्या नळीवरून पुढचे टाके पडतात. जन्मल्यापासून पहिल्यांदा त्या बाळाचं तोंड त्याच्या पोटाशी जोडलं जातं. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी माझं लक्ष मॉनिटरवरून पडद्याकडे जातंच.

सगळ्याच दिवशी असं होत नाही. महाडच्या बाजूने आलेलं एक बाळ होतं. वजन बरं, हृदयाची सोनोग्राफी निर्दोष, सगळं दुर्बिणीला अनुकूल. पण जन्मल्यावर त्याला मध चाटवला होता, मग चमच्याने दूध पाजलं होतं, ते काळंनिळं पडल्यावर पुन्हा पाजून बघितलं होतं. एक्सरेत उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग पांढरा होता. वडिलांनी दुर्बिणीविषयी विचारलंच. आम्ही म्हटलं, सुरुवात करून बघू, पण बाळ सांगेल तसं. गॅस सोडल्यावर आकडा उतरला, थांबवल्यावर चढला. पुन्हा सोडला, पुन्हा उतरला, आणि या वेळी चढायला फार वेळ लागला. रक्ताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड वाढलेला, आम्लता वाढलेली. मी म्हटलं, "सर, उघडू या." त्यांनी दुर्बीण काढली, बाळाची कूस नीट केली आणि छाती उघडली. फुप्फुस बोटाने अलगद बाजूला धरून तेच ऑपरेशन त्यांनी पार पाडलं. ते बाळ घरी गेलं.

वडिलांना बाहेर सांगायला मीच गेले. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे फेल गेलं का मॅडम?" मी त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते. छाती उघडणं म्हणजे ऑपरेशन फसणं नाही. ऑपरेशन अन्ननलिका जोडण्याचं आहे, दुर्बीण हा तिथे पोचायचा एक रस्ता आहे. जे पथक हा रस्ता वेळेवर सोडू शकतं, त्याच पथकाने तो धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मतावर ठाम असायला कारणही आहे. 2013 मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वीस नवजात बाळांचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काहींची अन्ननलिका तुटक होती, काहींच्या छाती-पोटामधल्या पडद्याला भोक होतं. कोणाची छाती उघडायची आणि कोणाला दुर्बीण, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. पडद्याला भोक असलेल्या बाळांत दुर्बिणीच्या वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड खूप चढला आणि बराच वेळ चढलेलाच राहिला. अन्ननलिकेच्या बाळांबाबत आणखी अभ्यास हवा, असं त्यांनी लिहिलं. त्याच रुग्णालयातल्या लुईस स्पिट्झ यांनी 1994 मध्ये एक साधा हिशेब मांडला होता, तो आम्ही अजून वापरतो. जन्मवजन दीड किलोच्या वर आणि हृदयात मोठा दोष नाही, तर शंभरातली सत्त्याण्णव बाळं जगली. दोन्हीपैकी एक गोष्ट विरुद्ध असेल तर एकोणसाठ. दोन्ही विरुद्ध असतील तर बावीस. त्यानंतर नवजात अतिदक्षता विभाग खूप पुढे गेले, आज आकडे याहून चांगले आहेत. पण यात छेदाचा आकार कुठेच येत नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावं. दीड किलोच्या, हृदयाचा दोष असलेल्या बाळाला मी दुर्बिणीसाठी भूल देणार नाही, हे आमच्या सरांनाही माहीत आहे. तशा बाळासाठी काखेच्या घडीतून स्नायू न कापता छातीत शिरायची पद्धत आहे. मँचेस्टरच्या एड्रियन बियांची यांनी ती रूढ केली. व्रण हात खाली घेतला की दिसतही नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असंही नसतं. छातीत ठेवलेल्या नळीतून लाळ येते का, यावर सिस्टर दिवसरात्र डोळा ठेवतात. लाळ आली तर टाका सुटलाय. पाच-सात दिवसांनी औषध पाजून एक्सरे काढतो. एकदा एका आजीने मला दारातच गाठलं. "बाई, आज पाचवी आहे त्याची. सटवाई येईल, कागद-पेन तेवढं ठेवू द्या पेटीपाशी." सिस्टरने पेन्सिल आणि केसपेपरचा कोरा कागद काचपेटीच्या खालच्या कप्प्यात ठेवला. एक्सरे दुसऱ्या दिवशी काढला. औषध सरळ पोटात उतरलं, कुठे गळालं नाही.

पुढेही जोडाची जागा आकसते. 104 बाळांच्या त्या अनुभवातही जवळपास तिघांमागे एकाची अन्ननलिका निदान एकदा तरी रुंद करावी लागली होती. आम्ल वर येत राहतं. श्वासनलिका मऊ असते, त्यामुळे कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला बरीच वर्षं टिकतो. या खोकल्यासाठी टीबीची औषधं खाऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. भाकरीचा कोरडा तुकडा, सफरचंदाची मोठी फोड अडकते; या मुलांना पाण्याचा घोट घेत सावकाश जेवायची सवय लागते. डब्याच्या सुट्टीत सगळ्यात शेवटी उठणाऱ्या मुलाला बाईंनी घाई करू नये, असं आम्ही शाळेसाठी चिठ्ठीत लिहून देतो.

तेव्हा "दुर्बिणीतून होईल ना?" याचं माझं उत्तर असं आहे. बाळ पुरेसं भरलेलं असेल, हृदय धड असेल, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांचा हात बसलेला असेल, आणि फुप्फुसं कोरडी असतील, तर जरूर करावं. मुलाच्या खांद्याचं भलं होतं. यातली शेवटची अट ऑपरेशनच्या कितीतरी आधी, प्रसूतीच्या खोलीत आणि घरच्या माणसांच्या हातात असते. गरोदरपणात गर्भजल फार वाढलं असेल, सोनोग्राफीत बाळाचं जठर दिसत नसेल, तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करा. जन्मल्या बाळाच्या तोंडाला पुसलं तरी पुन्हा पुन्हा फेस येत असेल, तर त्याला काहीही पाजू नका. मध नको, गुटी नको, साखरपाणी नको, आईचं दूधही त्या घटकेला नको. डॉक्टरांनी, सिस्टरांनी तोंडातून जरा ताठ नळी घालून बघावी. दहा सेंटिमीटरच्या आसपास अडली तर जवळजवळ निदान झालं. मऊ नळी वापरू नका, ती वरच्या तुकड्यात गुंडाळी करून बसते आणि आत गेल्याचा भास होतो. मग एक एक्सरे काढा, बाळाचं डोकं उंच ठेवा, दर पाच-दहा मिनिटांनी लाळ ओढून घ्या, बाळाला उबेत ठेवा, आणि जिथे बालशल्यविशारद आहे तिथे फोन करूनच पाठवा. अँब्युलन्समध्ये सक्शन चालू आहे ना, हे निघण्याआधी बघा.